आधी पंप, मग प्रोग्राम

सुदामा सोसायटी, कात्रप,
बदलापूर (पूर्व)
दि. १३ एप्रिल १९९७

चि. सौ. कुंदा हिस,

बाबांचे अनेक आशीर्वाद. गुरुदत्तरावांनाही सांग. इकडे सगळं ठीक आहे, फक्त गच्ची अजून ओली आहे आणि सोसायटीतल्या बायका माझ्याशी बोलत नाहीत. दोन्ही गोष्टींना तुझा कॉम्प्युटर जबाबदार आहे, म्हणून हे पत्र तक्रारअर्ज समजून वाच.

तू दिवाळीत आलीस तेव्हा आपला पंपवाला बुधाजी पंप चालू करून चामटोलीला आपल्या गावी निघून जातो आणि टाकी वाहते, हे तू स्वतः पाहिलंस. मग तुझा जुना कॉम्प्युटर माझ्या खोलीत मांडलास, प्रिंटरच्या भोकातून वायर काढून ती भिंतीपलीकडे पंपाच्या स्टार्टरपर्यंत नेलीस आणि मला म्हणालीस, "बाबा, तुम्ही सेक्रेटरी आहात, आता पंपही तुम्हीच चालवा." जांभूळच्या केंद्रातून सोडलेलं नळाचं पाणी खालच्या टाकीत आलं की मी एक बटण दाबायचं. प्रोग्राम पंप सुरू करणार आणि वरची टाकी भरण्याएवढा वेळ गेला की तोच बंद करणार. इतके महिने सगळं छान चाललं होतं. बुधाजी तर कॉम्प्युटरला उदबत्ती लावायचा.

परवा पाणी उशिरा आलं, उन्हं चांगली वर आल्यावर. मी बटण दाबलं, पंप सुरू झाला. तेवढ्यात आठवलं की मीटिंगची नोटीस टाइप करायची राहिली आहे. स्क्रीन तर तुझ्या प्रोग्रामनं अडवून ठेवलेला. तू भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर स्वच्छ लिहिलंय, 'थांबवायचं असल्यास कंट्रोल आणि सी एकदम दाबणे'. मी दाबलं. प्रोग्राम गेला, स्क्रीन रिकामा झाला. मी म्हटलं, पंप थांबला, नोटीस झाली की पुन्हा सुरू करू, आणि एका बोटानं टाइप करायला बसलो.

आता तू म्हणशील, शेजारच्या खोलीत पंप घरघरत होता, तो तुम्हाला ऐकू आला नाही का? नाही आला. अंबरनाथच्या कारखान्यात उभी हयात मी कॉम्प्रेसरशेजारी काढली. घरघर चालू असली की मला शांत वाटतं, थांबली तर दचकतो. शिवाय तिथं लाल बटण दाबलं की मशीन बंद, एवढंच मला ठाऊक. इथं प्रोग्राम निघून गेला आणि जाताना पंपाला सांगूनच गेला नाही.

गच्चीवर त्या दिवशी आख्ख्या बिल्डिंगच्या साबुदाण्याच्या पापड्या आणि कुरडया वाळत होत्या. वरची टाकी भरली, वाहिली आणि पापड्यांचा परत साबुदाणा झाला.

पहिल्यांदा खाली आल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या कुमुदिनीबाई. जानेवारीत राहायला आल्यात, तू त्यांना पाहिलेलं नाहीस. उल्हासनगरच्या शाळेत गणित शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातात पळी, अशा दारात उभ्या.

"सेक्रेटरी, वर पूर आलाय आणि तुम्ही टाइप काय करताय?"

"मीटिंगची नोटीस."

"विषय काय मीटिंगचा?"

खोटं कसं बोलणार? विषय होता, 'सभासदांनी पाणी जपून वापरणे'. बाईंनी स्क्रीनवर वाकून ते वाचलं आणि पळी तोंडाशी धरून इतक्या हसल्या की मला जिन्यातली खुर्ची आणून द्यावी लागली. बाकीच्या बायका मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तिथल्या तिथे ठराव केला की सेक्रेटरींनी स्वतः बसून सगळं पुन्हा करून द्यावं. तेव्हा पुढच्या आठवड्यात तुझा बाप गच्चीवर कुरडया पाडणार आहे.

तू आता एवढं कर. प्रोग्रामला थांब म्हटलं तर त्यानं आधी पंप बंद करावा आणि मगच जावं, अशी काहीतरी सोय कळव.

तुझं मागचं पत्र पोचलं. माझ्यासाठी ठेवलेल्या खोलीला फिकट हिरवा रंग दिलास, खिडकीतून झाड दिसतं, हे वाचलं. बरं वाटलं. मेअखेरच्या बंगलोरच्या गाडीचं तिकीट तू काढणार आहेस तेही कळलं. विकायचं ठरवलेलं हे घर बघायला कल्याणचे एक गृहस्थ येऊन गेले, त्यांना पसंत आहे. बाकी विशेष नाही.

तुझे,
बाबा

*

सुदामा सोसायटी, कात्रप,
बदलापूर (पूर्व)
दि. २५ एप्रिल १९९७

चि. सौ. कुंदा हिस,

आशीर्वाद. उन्हाळा इथं रंगात आलाय, आंबा अजून यायचाय, आणि माझ्या उजव्या दंडात गोळा आलाय. सोऱ्या फिरवणं हे कारखान्यातल्या कुठल्याही व्हॉल्व्हपेक्षा जड काम आहे. गव्हाचा चीक शिजवायचा कुमुदिनीबाईंनी, ढवळायचा मी, सोऱ्या दाबायचा मी, आणि कुरडई गोल आली नाही म्हणून बोलणी खायची तीही मीच. माझ्या कुरडया भारताच्या नकाशासारख्या येतात असं सगळ्या बायकांचं मत पडलं. पण आता त्या माझ्याशी बोलतात.

प्रोग्रामसाठी पाठवलेल्या तुझ्या नव्या ओळी पोचल्या. तू समजावून लिहिलंयस ते चांगलं कळलं. बाहेरून कुणी थांब म्हटलं की प्रोग्राम एरवी जागच्या जागी मरतो. पण त्याला आधीच सांगून ठेवलं, की बाबा रे, अशी हाक आली तर आधी अमुक काम कर, तर तो हाक ऐकतो, ते काम करतो आणि मग जातो. हे मला फार आवडलं. मी कुमुदिनीबाईंना वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "एवढं तर आठवीच्या मुलांनाही शिकवावं लागतं. घंटा झाली की आधी वही बंद, मग पळा."

ओळी आम्ही दोघांनी बसून घातल्या. मी वाचायचं, त्या टाइप करायच्या. अर्धविराम राहिला की त्यांना दुरूनही दिसतो. सगळं घातलं, प्रोग्राम चालू केला, कंट्रोल आणि सी दाबलं. पंप बंद. मी टाळी वाजवायला हात उचलला, तर प्रोग्राम जाईचना. पंप बंद करून पुन्हा स्क्रीनवर ठाण मांडून बसला. परत दाबलं तेव्हा गेला. बाई म्हणाल्या, हा आपल्या शेजारच्या जोश्यांसारखा आहे, निघतो म्हणतो आणि दारात अर्धा तास उभा राहतो. शेवटी कळलं की तुझी शेवटची ओळ, त्याला 'आता जा' सांगणारी, पानाच्या मागच्या बाजूला होती आणि मी पान उलटलंच नव्हतं.

मधे पंप चालू-बंद करणारी तुझी ती रिलेची डबीही चिकटून बसली होती. नवी आणायला उल्हासनगरला जावं लागलं. कुमुदिनीबाई बरोबर आल्या, कारण तिथलं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं, जेठानंदचं आहे. त्यांना बघताच तो गल्ल्यावरून उठला, पाया पडला, "टीचर, बैठो ना, सोडा पियोगे या चाय?" मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ये आपके मिस्टर हैं, टीचर?"

बाई म्हणाल्या, "सेक्रेटरी आहेत." मी तेव्हा वायरींची रिळं बघत होतो. बराच वेळ बघत होतो. जेठानंदनं विचारलंही, "साईं, किती मीटर देऊ?" मला वायर नकोच होती.

काल खरी परीक्षा घेतली. कुमुदिनीबाई गच्चीवर टाकीत डोकावून, मी कॉम्प्युटरपाशी, आणि बुधाजी मधे जिन्यात, निरोप पोचवायला. मी दाबलं. बाईंचा आवाज वरून आला, बुधाजीनं तो खाली ओरडून सांगितला, "बाय म्हनते पानी थांबलं." प्रोग्रामही गेला. जाताना तुझं 'पंप बंद केला आहे' हे वाक्य स्क्रीनवर ठेवून गेला. बुधाजीनं पुन्हा उदबत्ती लावली.

आता एक शंका विचारतो. प्रोग्रामबद्दलच आहे. समज, एखादं काम बरंच पुढे गेलेलं आहे. कुणीतरी फार मायेनं सुरू केलेलं आहे. आणि आता ते थांबवायचं आहे. तर थांब म्हटल्यावर सुरू करणाऱ्याची सगळी मेहनत फुकट जाते का? की आधी सांगितलं तर काही वाचवता येतं? सवडीनं कळव, घाई नाही. तसं म्हटलं तर थोडी घाई आहे.

कल्याणचे गृहस्थ अक्षय तृतीयेला घराचे कागद करू म्हणतायत. मी कळवतो म्हटलंय.

तुझे,
बाबा

ता. क. कुरडया वाळल्या. तुझ्यासाठी एक डबा कुमुदिनीबाईंनी बाजूला ठेवलाय. माझ्या नकाशांचा नाही, त्यांच्या हातच्या गोल कुरडयांचा.

*

सुदामा सोसायटी, कात्रप,
बदलापूर (पूर्व)
दि. ५ मे १९९७

प्रिय कुंदा,

तुझं पत्र आज सकाळी आलं. पत्र कसलं, दोन ओळी. 'बाबा, ती शंका प्रोग्रामबद्दल नाही. तुमच्या दोन पत्रांत मिळून तुमच्या जावयाचं नाव एकदा येतं आणि कुमुदिनीबाई प्रत्येक परिच्छेदात येतात, तेव्हा कुमुदिनीबाई कोण, ते नीट लिहा.'

तू लहानपणापासून अशीच. तुझ्यापुढे कधी काही लपलं नाही. परवा मी बूथवरून फोन केला, तुला तिकडचं हवामान विचारलं, ऐकलं आणि फोन ठेवला, ते ह्याच कारणानं. मागे चार माणसं रांगेत उभी होती, आणि हे असं काचेच्या खोलीत उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं.

तर नीट लिहितो. मी बंगलोरला राहायला येत नाही. आणि मला कुमुदिनीबाईंशी लग्न करायचं आहे.

बघ, लिहून झालं. आता चहा प्यायला उठलो होतो, परत येऊन बसलो.

कसं झालं ते तुला कळायला हवं. कुरडया वाळत होत्या तेव्हा गच्चीवर कावळ्यांना हाकलायला कुणीतरी लागायचं. दुपारची पाळी आमची होती. त्या छत्री धरून बसायच्या, मी काठी घेऊन. सुरुवातीला आम्ही पंपाबद्दल बोलायचो, मग तुझ्याबद्दल, मग तुझ्या आईबद्दल, आपल्या माईबद्दल. माई मला डब्यात रोज काय द्यायची ते त्यांनी विचारलं, आणि मी सांगितलं. माई गेल्यावर इतकी वर्षं मला हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी त्यांच्या यजमानांबद्दल सांगितलं. पावसापाण्याच्या गप्पा असाव्यात तसं सहज सांगितलं, रडणं वगैरे काही नाही.

शेवटच्या दिवशी डबे भरताना त्या म्हणाल्या, "सेक्रेटरी, तुम्ही जाणार असाल तर खुशाल जा, मुलीकडे जाताय, चांगलंच आहे. पण जाणार नसाल तर मला आधी सांगा. म्हणजे रोज खाली यायला मला नवं कारण शोधायला नको."

मी म्हटलं, "आजचं कारण काय होतं?"

"आज कारण नव्हतंच," त्या म्हणाल्या, "आज तशीच आले."

एवढंच झालं. आमच्या वयात याहून जास्त काय होणार? पण मी रात्री जेवताना एकटाच हसत होतो, आणि भाजीत मीठ दोनदा घातलं तेही कळलं नाही. बुधाजीला तर आधीच कळलं होतं. सकाळी म्हणाला, "सायेब, ती बाय हितं हाय तोवर तुमी कंच्या बंगलोरला जाताय." सोसायटीत आता कुजबुज असेलच. असू दे. ह्याच बायकांनी मला सोऱ्या हातात देऊन बसवलं, आता त्यांना बोलायला तोंड नाही.

तुला एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण तू हे मनात आणशीलच. मला एकटं राहता येत नाही म्हणून हे नाही. येतं राहता. वरणभात, दोन भाज्या, पोळ्याही बऱ्या जमतात, इस्त्री मी आधीपासून चांगली करतो. तू चिंता करतेस तसा मी काही पडून नसतो. आणि माईची जागा कुणाला द्यायची वगैरे बोलणं मला जमत नाही, ते मी बोलणारही नाही. माई माझी होती आणि आहे. कुमुदिनीबाई मला आवडतात. त्या खाली आल्या की दिवस बरा जातो आणि त्या उल्हासनगरला गेल्या की मी खिडकीशी उभा असतो. ह्याहून वेगळं कारण माझ्याकडे नाही.

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं, ते तू माझ्यासाठी सजवलेल्या खोलीचं. फिकट हिरवा रंग तू स्वतः निवडलास, पडदे शिवलेस, गुरुदत्तरावांनी माझ्या उंचीचं टेबल करून घेतलं. इथून जाऊ नये असं वाटू लागलं तेव्हाच तुला कळवायला हवं होतं, पण मन झालं नाही. तुझा तो उत्साह माझ्या हातून थांबायला नको होता. रोज वाटायचं, उद्या लिहू, आणि रोज तिकडे काहीतरी नवीन तयार होत होतं. शेवटी मागच्या पत्रात ती शंका लिहिली. थेट विचारायची हिंमत नव्हती.

कल्याणच्या गृहस्थांकडे मी काल स्वतः जाऊन आलो. अक्षय तृतीयेला माणूस कुटुंबासह पेढे घेऊन दारात यायचा आणि आपण तिथं नाही म्हणायचं, हे बरोबर नाही. आधी कळलं तर त्यांना दुसरं घर बघायला चार दिवस मिळतील. ते आधी रागावले. मग त्यांच्या पत्नीनं कारण विचारलं. मी सांगून टाकलं. त्या आत गेल्या आणि चहाबरोबर बेसनाचा लाडू घेऊन आल्या. गृहस्थांचा राग लाडू खाईपर्यंत टिकला, पुढे नाही. निघताना म्हणाले, आमच्यासाठी तुमच्याच बिल्डिंगमध्ये दुसरी जागा बघा. सेक्रेटरी म्हणून ते काम माझ्यावर आलंच.

म्हणजे घर विकायचं थांबवलं ते तुला न विचारता थांबवलं. त्यावर तू रागावलीस तर मी ऐकून घेईन. हिरव्या खोलीत आम्ही जूनमध्ये येऊ, तुमच्या सोयीनं, पाहुणे म्हणून. टेबलाचा उपयोग होईल. कुमुदिनीबाईंना तुझ्याकडून पुढचं कॉम्प्युटर शिकायचं आहे. त्यांचं म्हणणं, प्रोग्रामला थांबवायची दुसरीही एक कळ आहे, ती दाबली तर पंपाचं काय होतं ते आपण अजून बघितलेलं नाही. ते बघायला बाई भिंतीवरच्या तुझ्या कागदाखाली दुसरा कागद चिकटवून वाट बघतायत.

पण लग्नाचं मात्र तुला विचारल्याशिवाय होणार नाही. ही अट त्यांची. मी त्यांना म्हटलं, कुंदा नाही म्हणणार नाही, मी ओळखतो तिला. त्या म्हणाल्या, "तिच्या वतीनं तुम्ही उत्तर देऊ नका. तिला विचारा, आणि ती काय म्हणते ते मला वाचून दाखवा." तेव्हा तुझं उत्तर त्या वाचणार आहेत. जसं येईल तसं लिही, माझ्यासाठी गोड करून लिहू नकोस.

गुरुदत्तरावांना घेऊन तू पहिल्यांदा ह्या घरी आलीस, त्या दिवसाचं तुला आठवतंय का? ते जिन्यात थांबले होते. तू एकटी आत आलीस आणि विचारलंस, "बाबा, चालेल ना?" मी चष्मा काढला आणि पुसत बसलो. माई आतून खुणा करत होती, तरी मी पुसतच होतो. तुला वाटलं असेल मी विचार करतोय. विचार नव्हतो करत, पोरी. हो म्हणायचंच होतं. आवाज नीट यायची वाट बघत होतो.

तूही हवा तेवढा वेळ घे.

कुंदा, चालेल ना?

तुझा
बाबा